क्रिश ४ हृतिकला झेपेल का?

संपादक महोदय,
रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाता खाता आमच्यात चांगलीच जुंपली, कारण काय तर ‘क्रिश ४’. मार्च २०२५ मध्ये हृतिकचे वडील राकेश रोशननी सांगून टाकलं की डायरेक्शन आता हृतिक करणार, तेव्हापासून हे चालूच आहे. एक मित्र म्हणे, अबे डायरेक्टर म्हणून पहिलाच पिक्चर अन् तोही सुपरहिरोचा, काऊन रिस्क घेऊन राहिला तो? मला काही पटलं नाही. ‘करण अर्जुन’च्या वेळी तो वडिलांचा असिस्टंट होता, अन् ही स्टोरी २००३ च्या ‘कोई मिल गया’पासून त्यांच्या घरातलीच, मग त्याच्याएवढी कोणाला माहीत असणार? माझी भीती वेगळीच आहे. तारेवर लटकून फाइट द्यायची, उतरून घामाघूम मॉनिटर पाहायचा अन् स्वतःचाच टेक रिजेक्ट करायचा, स्टार माणसाला हे जमते का? मागचा भाग २०१३ चा, तेव्हा मी कॉलेजात होतो, आता माझी पोरगी तो काळा मास्क मागून राहिली. मित्र शेवटपर्यंत ऐकला नाही, त्याची तर्री मात्र पार गार झाली.

– एक वाचक, नागपूर