खोडरबर हातात देणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम जय भीम.

आपल्या नाल्याकाठच्या पूरभिंतीचं काम संपलं, पण तुमचे आभार मानायचे राहिलेच. सगळ्यांनी वाचावं म्हणून हे पत्र उघड्यावरच लिहितो आहोत, कारण तुम्ही जे केलं ते लोकांसोबत बैठका घेणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपुरात चारेक तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून उसळला आणि नाग नदी काठ सोडून घराघरांत शिरली. नदी तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या नाल्याला वाट राहत नाही, पाणी उलटं फिरतं. आपल्या वस्तीत ते तसंच आलं. मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. गाऱ्हाणं घेऊन जायचं ते थेट साहेबांच्या टेबलापर्यंत.

तुमच्याआधी जे या भिंतीसाठी 'जनसंवाद' नावाची बैठक घेऊन गेले, त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. कामाचा दिवस, सकाळी अकराची वेळ. धरमपेठ, रामदासपेठेत धुणीभांडी करणाऱ्या बाया त्या वेळी तिसऱ्या घरी असतात. मंचावर खुर्च्या, पुष्पगुच्छ, रंगीत छापून आणलेला आराखडा आणि दाराशीच सह्यांचं रजिस्टर. आधी सही, मग चहा. पुढे त्याच सह्या 'नागरिकांची संमती' म्हणून फाइलला लागल्या.

तुम्ही रविवारी संध्याकाळी विहारात आलात आणि सतरंजीवर बसलात. रजिस्टर तुमच्याकडेही होतं, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिलेलं होतं: 'फक्त हजेरी. ही संमती नाही.' मग तुम्ही आराखडा उलगडला. एक मीटर लांब कागदावर दोनशे मीटर नाला. एका सेंटिमीटरला दोन मीटर, म्हणजे दहा फुटांची खोली दीड सेंटिमीटरची. प्रत्येकाला आपलं दार बोटानं दाखवता येईल एवढा मोठा नकाशा, आणि सगळा पेन्सिलीनं काढलेला.

पहिला अर्धा तास नुसती आरडाओरड झाली. ती होणारच होती. लोकांनी वर्षभर साठवलेलं असतं आणि समोर पहिलाच ऐकणारा माणूस बसलेला असतो. बहुतेक अधिकारी इथेच माइक ओढून घेतात किंवा घड्याळ बघतात. तुम्ही एकेक वाक्य बोलणाऱ्याच्याच शब्दांत मोठ्या कागदावर उतरवत गेलात आणि 'बरोबर लिहिलं का?' असं विचारत वाचून दाखवलंत. आपलं म्हणणं कागदावर दिसलं की माणूस तेच पुन्हा ओरडून सांगत नाही. आवाज आपोआप खाली आले.

तेव्हा मागून हातपंपाजवळच्या आजी म्हणाल्या, "हे रेघ चुकली जी. पाणी तिकडं नाई जात, खाली आमच्याकडं येते."

तुम्ही जागेवरून उठलात, आजींसमोर बसलात आणि त्यांच्या हातात खोडरबर दिलात. "पुसा."

आजींनी साहेब लोकांचा कागद जन्मात पुसला नव्हता. त्यांनी आधी हात पदराला पुसला, मग ती रेघ. दोन वेळा घासली, कागद थोडा काळवंडला. तुम्ही पेन्सिल पुढे केलीत आणि नवी रेघ त्यांच्याकडूनच काढून घेतलीत, वाकडी आली तशी राहू दिलीत.

त्या रेघेत किती अर्थ होता हे भिंत बांधणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. भिंत नाल्याचं पाणी बाहेर थोपवते, पण वस्तीत पडलेलं पाणी तीच भिंत आतही अडवते. म्हणून भिंतीतून पाइप काढावे लागतात, आणि ते बरोबर सर्वात सखल जागी. वर काढले तर पाणी पाइपापर्यंत चढायच्या आधी घरात शिरतं. प्रत्येक पाइपाच्या नाल्याकडच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणारं लोखंडी झाकण हवं, नाहीतर नाला चढला की त्याच वाटेनं पाणी आत येतं. आधीच्या रंगीत आराखड्यात झाकणं नव्हतीच, आणि पाइप उंचवट्यावर होता. तो रंगीत असल्यामुळेच कुणी बोललं नाही. छापून, लॅमिनेट करून आणलेल्या कागदाकडे बघून लोक समजून जातात की सगळं ठरलेलं आहे, आपल्याला फक्त ऐकायला बोलावलंय.

अपुरा आराखडा घेऊन वस्तीत जाणं तुमच्यासाठी किती जोखमीचं होतं, हे आम्ही समजू शकतो. वरिष्ठ म्हणू शकले असते, 'तयारी न करता गेलात.' लोक म्हणू शकले असते, 'मॅडमला काही येत नाही.' बदल केला की अंदाजपत्रक पुन्हा करायचं, मंजुरी पुन्हा घ्यायची. न विचारता भिंत बांधली असती तर तुम्हाला कुणीच काही म्हटलं नसतं, पुढच्या पुरापर्यंत.

आणि त्याहून धाडस लागलं असेल ते पंधरा दिवसांनंतरच्या कागदाला. किराणा दुकान, नळाचा कोपरा आणि विहाराचं दार, तीन ठिकाणी तुम्ही तो चिकटवलात. तीन रकाने: तुम्ही काय सांगितलं, काय होणार, काय होणार नाही आणि का. नाल्यावर पादचारी पूल होणार नाही, कारण खांब पात्रात आले की कचरा अडकून पाणी तुंबतं, हे स्पष्ट लिहिलंत. खाली सही आणि तारीख. 'नाही' असं सहीनिशी लिहून देणारा माणूस सरकारी कामात क्वचित भेटतो. लोक थोडे हळहळले, पण कुणी भांडायला आलं नाही. एवढा साधा सरळपणा कुणी दाखवला की माणसं समजून घेतात, हे आम्ही त्या दाराशी उभं राहून पाहिलं.

झाकणांच्या बिजागऱ्यांना दर वर्षी पावसाआधी ग्रीस लागतं आणि पाइपाच्या तोंडाशी अडकलेलं प्लॅस्टिक काढावं लागतं, नाहीतर झाकण अर्धवट उघडं राहतं. मे महिन्याची पाळी पोरांनी वाटून घेतली आहे. तो पेन्सिलीचा नकाशा विहाराच्या कपाटात आहे. आजींच्या रेघेशेजारी तुमच्या अक्षरातलं 'आजींच्या सांगण्यावरून बदल' हे पेन्सिलीतच आहे. ते पुसलं जाऊ नये म्हणून आम्ही त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

तुमचे,
नाल्याकाठचे आम्ही सगळे
नागपूर