आबा, ते भांडण सरकीपासून सुरू झालं

तीर्थरूप आबा, सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की 1861 च्या यादवी युद्धात अमेरिकेतली माणसं, उत्तर विरुद्ध दक्षिण, आपसातच एवढी का लढली, आणि मी "गुलामांवरून" एवढंच बोलून फोन ठेवला, मीटिंग होती. पण रविवारी फोर्ट सम्टर बघून आलो, इथे साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनच्या खाडीतला किल्ला, ती लढाई जिथे सुरू झाली तो, बोटीने अर्धा तास, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आईला सांगितलंय प्रिंट काढून द्यायला, चष्मा लावून निवांत वाचा.

तुम्ही खामगावला जिनमध्ये जन्म काढलात म्हणून तिथूनच सुरू करतो. इथला आखूड धाग्याचा कापूस असा की सरकी रुईला चिकटून बसते, हाताने काढायला बसलं तर दिवसभरात अर्धा किलो रुई निघायची मारामार. 1793 मध्ये एली व्हिटनीने जिन, म्हणजे सरकी काढायचं मशीन, बनवलं आणि सगळं फिरलं. आपल्याला वाटेल मशीन आलं म्हणजे मजूर कमी लागले असतील, झालं उलटंच. सरकीचा प्रश्न सुटला पण पेरणी, निंदण, वेचणी हातानेच, म्हणून जेवढा कापूस वाढला तेवढे गुलाम वाढले. 1790 ला 7 लाखांच्या आसपास होते, 1860 च्या शिरगणतीत जवळजवळ 40 लाख! आणि बाहेरून आणायला 1808 पासून बंदी होती, म्हणजे बहुतेक सगळे इथेच जन्मलेले आणि इथेच विकले गेलेले, आईबापापासून पोरं तोडून.

उत्तरेतल्या राज्यांनी तोवर गुलामी हळूहळू बंद केलेली. म्हणून ते काही देवमाणसं नव्हते हां, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांचा पैसा ह्याच कापसात फिरत होता. खरं पेटलं ते पश्चिमेकडच्या नव्या जमिनीवरून, तिकडे नवीन राज्य झालं की गुलाम चालणार का नाही. 1820 ला नकाशावर एक रेघ मारून तडजोड केली, वरच्या बाजूला नाही, खाली चालेल. 1854 मध्ये ती रेघच पुसली, म्हणे तिथले लोक मत देऊन ठरवतील, तर कॅन्ससमध्ये दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊनच राहायला आली. आणि 1856 मध्ये तर ह्या आमच्या साउथ कॅरोलिनाच्या ब्रूक्स नावाच्या खासदाराने भर सिनेटमध्ये जाऊन गुलामीविरुद्ध बोलणाऱ्या चार्ल्स समनरला काठीने रक्तबंबाळ केलं. काठी मोडली तर इकडच्या लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. काय बोलायचं!

माझ्या ऑफिसमधला एक जण अजून सांगतो की लढाई गुलामीची नव्हतीच, राज्यांच्या हक्काची होती, केंद्राची दादागिरी नको म्हणून. मलाही आधी पटलं होतं. पण 1850 चा कायदा बघा, पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी पकडून मालकाला परत द्यायचा, आणि ते केंद्राने करायचं, तो दक्षिणेलाच हवा होता. तेव्हा उत्तरेच्या राज्यांचे हक्क कुठे गेले? आणि साउथ कॅरोलिनाने देशातून बाहेर पडताना कारणं लेखी दिलीत, त्यात हीच तक्रार आहे की ते लोक आमचे गुलाम परत करत नाहीत. मिसिसिपीने तर सरळ लिहिलं की आमचं सगळं गुलामीशी बांधलेलं आहे. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, मग हा कशाला झाकतोय कळत नाही.

1860 ला लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला तो एवढंच म्हणत होता की आहे तिथे हात लावणार नाही, पण पुढे पसरू देणार नाही. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नव्हती, तरी जिंकला, आणि तीच भीती बसली की आता आपल्याशिवाय ह्यांचं चालतं. 20 डिसेंबर 1860 ला हे राज्य फुटलं, मागोमाग अजून सहा. 12 एप्रिल 1861 ला पहाटे साडेचारला ह्या किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या, 34 तास, आणि त्या माऱ्यात एकही माणूस मेला नाही आबा. नंतरच्या चार वर्षांत 6 लाखांच्या वर मेले.

एवढी हिंमत कुठून आली तर कापसातून. 1858 मध्ये इथलाच हॅमंड सिनेटमध्ये म्हणाला होता की कापूस राजा आहे, त्याच्याशी लढायची कोणाची छाती नाही. ह्यांना वाटलं इंग्लंडच्या गिरण्या बंद पडल्या की इंग्रज धावत येतील मदतीला. इंग्रजांनी तोंड फिरवलं इजिप्तकडे आणि मुंबईकडे! आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा नुसता धुमाकूळ, आणि 1865 ला इथे लढाई थांबली तसे तिथे भलेभले झोपले.

बोटीवरून उतरल्यावर एका दुकानात वाळलेल्या पऱ्हाटीची काडी विकायला ठेवली होती, तीन बोंडं, छान रिबन बांधून. मी सवयीने एका बोंडातली सरकी ओढून बघितली, निघेना, काउंटरवरची बाई बघायला लागली म्हणून गुपचूप परत ठेवली.

तुमचा नातू