तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे

ठाणे
१४ डिसेंबर २०२४

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास. ठेवलास ते बरंच झालं, नाहीतर माझ्याही तोंडून काहीतरी भलतं निघून गेलं असतं. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही. डॉक्टरांचा विषय यात काढणार नाही, सईला तसा शब्द दिलाय.

आज लिहायचं निमित्त वेगळंच आहे. क्लॅश या इंग्लिश बँडच्या 'लंडन कॉलिंग' अल्बमला आज पंचेचाळीस वर्षं झाली. १४ डिसेंबर १९७९, शुक्रवार. सकाळी कूकर लावला आणि बापूमामाची रेकॉर्ड कपाटातून काढली. कव्हरच्या कोपऱ्यावर तो चहाचा डाग अजून आहे. तो तुझा, हे तू कधीच कबूल केलं नाहीस. पहिली बाजू लावली आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचं विसरले. डाळीचं पार पिठलं झालं.

ही रेकॉर्ड घरात आली त्याची गोष्ट तुला पाठ आहे. पण बापूमामा ती कशी सांगायचा, ते तू ऐकलेलं नाहीस. १९८० च्या उन्हाळ्यात त्याचं जहाज टिलबरीला लागलं होतं. तिथून गाडीने लंडनला जाऊन त्याने ती पाच पौंडांना घेतली. दोन रेकॉर्डी आणि पैसे एकीचे, याचंच त्याला केवढं कौतुक! क्लॅशवाल्यांनी सीबीएस कंपनीकडे म्हणे अल्बमबरोबर एक छोटी रेकॉर्ड फुकट द्यायची परवानगी मागितली आणि त्या फुकटच्या रेकॉर्डवर नऊ गाणी भरून दिली. "कंपनीला टोपी घातली गं," असं तो अशा थाटात सांगायचा, जशी काही टोपी त्यानेच घातली. गिरगावातल्या खोलीत मी सतरा वर्षांची, बारावीची, आणि कव्हरवर एक माणूस कमरेत वाकून गिटार जमिनीवर आपटतोय. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "लाकडं फोडतोय का हा?"

तो पॉल सिमोनन, क्लॅशचा बासगिटारवाला. सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम. तिथले रखवालदार लोकांना खुर्च्यांवरून उठूच देत नव्हते, म्हणून त्याचं डोकं फिरलं. फोटो काढला पेनी स्मिथने. फोटो हललाय, वापरू नका, असं ती स्वतः सांगत होती. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर आणि कव्हर करणारा चित्रकार रे लोरी यांनी ऐकलं नाही. लोरीने त्यावर गुलाबी-हिरवी अक्षरं टाकली, एल्विसच्या पहिल्या अल्बमवर होती तशीच. मी चव्वेचाळीस वर्षं बघतेय, त्या फोटोत सिमोननचं तोंड दिसत नाही. दिसते ती फक्त पाठ.

२०१९ मध्ये तू मला म्युझियम ऑफ लंडनमध्ये नेलंस. काचेच्या पेटीत तो फुटका बास आडवा ठेवलेला होता आणि तू म्हणालास, "आई, प्रेत ठेवल्यासारखा ठेवलाय." तेव्हा मी तुला दटावलं, पण मनात माझ्याही तेच आलं होतं. त्याच आठवड्यात तुझा कार्यक्रम होता, त्या पबच्या माळ्यावर. मी दाराशी उभी, अंगात तो तपकिरी स्वेटर, हातात नुसतं संत्र्याचं सरबत. तू याच अल्बममधल्या 'गन्स ऑफ ब्रिक्सटन'चा बास सुरू केलास आणि माझ्या शेजारच्या दाढीवाल्याने डोळे मिटून घेतले. हा माझा मुलगा आहे, असं त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तुलाही कधी सांगितलं नाही, तुला म्हटलं ते एवढंच की आवाज फार होता. आज सांगते. फार छान वाजवलंस.

पण नोव्हेंबरातल्या त्या कार्यक्रमात तू मध्येच अँपवर बसलास, ते मला सईकडून कळावं? छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तू म्हणतोस झोप झाली नव्हती. अरे, झोप झाली नाही की जांभया येतात. अंधारी कशाने येते? रात्री दोनपर्यंत जागायचं, सकाळी ती डब्यातली पेयं ढोसायची, जेवायचं लॅपटॉपसमोर, पाणी नाही, चालणं नाही, आणि वर "आय ॲम फाइन, आई". चौतिसाव्या वर्षी माणसाला आपलं शरीर

बरं, राहू दे. शब्द दिला होता आणि दुसऱ्याच पानावर मोडला. सईवर रागावू नकोस, मीच तिला खोदून खोदून विचारलं होतं.

अल्बमबद्दल लिहिते.

बापूमामा जहाजावर रेडिओ ऑफिसर होता, म्हणजे कानांवर पोट. पहिल्यांदा रेकॉर्ड लावली त्या संध्याकाळी खोलीत आम्ही सहा जणं आणि दाराशी शेजारची दोन पोरं. पहिलं गाणं संपत आलं तशी आजी म्हणाली, "हा गातोय की भांडतोय?" सगळे हसले. बापूमामा हसला नाही. त्याने एक बोट वर केलं. गाणं विरत जाताना मागे गिटारचा टिकटिक आवाज येतो बघ, क्लॅशच्या गिटारवाल्या मिक जोन्सने पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाची, कळ खाली-वर करून काढलेला. मामाने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. मग भातवाढणी घेतली आणि ताटाच्या कडेवर वाजवत गेला, तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. "एसओएस आहे," म्हणाला. "बुडत्या जहाजाचा निरोप. आणि वर नाव काय, तर लंडन कॉलिंग!" युद्धात बीबीसीचे निवेदक परदेशातल्या श्रोत्यांसाठी याच शब्दांनी सुरुवात करायचे, हेही त्यानेच सांगितलं. १९७९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला होता. थेम्सला पूर येऊन लंडन बुडेल अशी भीती होती आणि नदीवरचा बांध अजून बांधून व्हायचा होता. ही भीती त्या गाण्यात उतरली आहे, आणि तरी त्यावर पाय ठेका धरतात. आजीच्यासुद्धा पायाने धरला होता, पदराखाली.

लोक या अल्बमला पंक म्हणतात. मला ते कधी पुरतं पटलं नाही. त्यात रेगे आहे, स्का आहे, जॅझ आहे, स्पेनच्या यादवीवरचं गाणं आहे, माँटगोमेरी क्लिफ्ट नावाच्या नटावरचंही आहे. पिम्लिकोत एका गॅरेजच्या मागच्या जागेत ते महिनोन् महिने सराव करायचे आणि मध्ये फुटबॉल खेळायचे. मग हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत गाय स्टीव्हन्स हा निर्माता येऊन बसला. खुर्च्या फेकायचा, शिडी आपटायचा, पियानोत दारू ओतायचा. 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' हे तर नुसतं हात मोकळे करायला वाजवलेलं. ड्रमवाला टॉपर म्हणाला, मध्येच वेग वाढलाय, पुन्हा घेऊ. स्टीव्हन्स म्हणाला, नको, हेच ठेवायचं. गाण्यात ठोके वाढले तर शोभतं रे. गाण्यातच शोभतं.

(दुसरी रेकॉर्ड पहिलीइतकी चांगली नाही, हे माझं मत अजून कायम आहे. 'लव्हर्स रॉक' तर मी उठून चहा करायला जाण्यासाठीच ठेवलंय. तू त्यावरून भांडू शकतोस, तेवढं भांडण चालेल.)

'लॉस्ट इन द सुपरमार्केट' मात्र आज दोनदा लावलं. गातो मिक, पण लिहिलंय स्ट्रमरने, मिकचं लहानपण डोळ्यांपुढे आणून. मिकची आई अमेरिकेत गेलेली, तो आजीजवळ उंच इमारतीत वाढला. दुसऱ्याचं एकटेपण इतकं नेमकं लिहायला आपलं थोडं असावं लागतं. स्ट्रमरचं होतं. खरं नाव जॉन मेलर, जन्म अंकाराचा. वडील परराष्ट्र खात्यात, आणि ते वडील जन्मले कुठे, तर आपल्या लखनौला. पोराला नऊ वर्षांचा असताना वसतिगृहात ठेवलं. नंतर आईबापांची भेट वर्षातून एखादी, सुट्टीत.

तुला आम्ही आठवीत पाचगणीला ठेवलं, ते वर्ष तसंच होतं. ठेवलं नसतं तर काय झालं असतं, हे तुलाही कळतं. पण पहिल्या रविवारी भेटायला आले तेव्हा तू मला "नमस्कार" म्हणालास, वॉर्डनला म्हणावं तसा. त्यावर आपण कधी बोललो नाही. आजही नको बोलूया. मला एवढंच म्हणायचं होतं की तेव्हापासून तुला दुखलं-खुपलं की तू सांगत नाहीस, आणि ती सवय मीच तुला लावली.

पुढच्या रविवारी २२ तारीख. जो स्ट्रमर २००२ साली त्याच दिवशी गेला. सॉमरसेटमधल्या घरी कुत्र्यांना फिरवून आला आणि गेला. पन्नास वर्षांचा. हृदयात जन्मापासून दोष होता, आणि तो कुणाला, त्यालाही, माहीत नव्हता. महिनाभर आधी ॲक्टन टाउन हॉलमध्ये अग्निशमन दलाच्या संपकऱ्यांसाठी गायला होता. मिक जोन्स प्रेक्षकांतून उठून स्टेजवर गेला आणि किती वर्षांनी दोघांनी एकत्र वाजवलं. त्या स्टेजवर त्याच्याकडे बघून कुणाला शंका तरी आली असेल का? वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि बापूमामाला जाऊन तीन वर्षं झाली होती. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. तुझ्या बाबांना वाटलं, एका गोऱ्या गायकासाठी रडतेय.

स्ट्रमरचा दोष वेगळा, आपल्याकडचा वेगळा, हे मला समजतं. मी सगळं एकत्र कालवते असं तू म्हणतोस, तसं नाही.

बापूमामाचं तुला फारसं आठवत नसेल. १९९९ च्या फेब्रुवारीत जहाजांवरचा मोर्स संपला, सगळं उपग्रहावर गेलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचे कान बिनकामाचे झाले. जूनमध्ये दादरच्या पुलावर पडला, हातात मेथीची जुडी. त्याआधी दोन-तीनदा त्यालाही अंधारी आली होती. म्हणाला, उन्हाने. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झाला होता, घराण्यात असू शकतं, सगळ्यांनी तपासून घ्या. तेव्हा मी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. काही निघालं नाही. पुन्हा मधूनमधून करायचा असतो, हे सांगितलं होतं. पण तुझी शाळा, बँकेतली बदली, बाबांचं आजारपण. पंचवीस वर्षं गेलेच नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. सईचा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाऊन एको करून आले. तिथल्या डॉक्टरीणबाई तुझ्या वयाच्या असतील. पडद्याकडे बघत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हृदयाची मधली भिंत १६ मिलिमीटर आहे, ती १२ च्या आत हवी. घाबरायचं काही नाही, एक गोळी रोज आणि सहा महिन्यांनी तपासणी. मी घाबरले नाही, खरंच. एकसष्ट वर्षं निभावली त्या भिंतीने. मग त्यांनी विचारलं, मुलं किती? म्हटलं, एक. त्या म्हणाल्या, त्यालाही करून घ्यायला सांगा. आईकडून मुलाकडे यायची शक्यता निम्मी असते.

हे रविवारी सांगायचं होतं. पण फोनवर तोंडून नुसतं "केलास का, केलास का" निघालं आणि तू म्हणालास, प्रत्येक गोष्टीत मामाला आणू नकोस. मामाला नव्हते रे आणत.

धाकदपटशा म्हणून हे लिहिलं नाहीये. तसं वाटलं तर माफ कर. येऊ नकोस, रजा वाया घालवू नकोस, इथे मालूताई आहे आणि मी रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारते. तू फक्त तुमच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, सांग, मामा असा गेला, आईला हे निघालंय. रिपोर्टचा फोटो सईला पाठवलाय, तुझ्याआधी तिला, कारण ती उत्तर देते.

चौथी बाजू लागली आहे आत्ता. कव्हरवर छापलेलंच नाही ते शेवटचं गाणं येईल, 'ट्रेन इन व्हेन'. कव्हरं छापून झाल्यावर ते आत टाकलं, म्हणून यादीत नाव नाही. बापूमामाला पहिल्यांदा वाटलं होतं, रेकॉर्ड संपली. तो उठून सुई उचलायलाच गेला होता.

सईला आशीर्वाद. अंगावर गरम कपडे घालत जा.

तुझी,
आई

ता. क. टू-डी एकोला उपाशीपोटी जावं लागत नाही. मी विचारून घेतलंय. वीस मिनिटांत होतो.