न दिसणाऱ्या धाग्याची मजुरी

ग्लासगो
रविवार, दुपार

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर ओंकारच्या कॉलेजचा विषय निघाला की अण्णा फोन आईच्या हातात देतात आणि "चार नंबरचा माग बंद पडलाय, बघून येतो" म्हणून उठतात. आपण राहतो सोलापूरच्या साखर पेठेत, मागांची शेड अक्कलकोट रोडला, आणि अण्णा पाच मिनिटांत परत येऊन चहा मागतात ते मला इकडं ऐकू येतं. म्हणून पत्र. हातानं लिहितेय, फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवीन. आई, मोठ्यानं वाच. अण्णांचा चष्मा सापडत नाहीये असं कळलं.

ओंकारचा बुधवारी फोन आला होता. तुमच्याकडं रात्रीचे दोन वाजून गेले असतील, गच्चीवरून बोलत होता. म्हणाला, "ताई, सीईटीत बरे मार्क आहेत, बीबीएला नंबर लागेल. पण मला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय. अण्णा म्हणतात, राजकारण शिकायला कालेजला कशाला जायचं, चौकात बसलं तरी येतंय." मला हसू आलं, पण झापलं मी त्यालाच. बी.ए. करून काय करणार, स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर पाच वर्षं काढणार का, अण्णांचं वय बघ, वगैरे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी अण्णांचीच वाक्यं बोलत होते, सुरासकट. तेव्हापासून चार दिवस डोक्यात हेच चाललंय.

इथून रेल्वेनं दहा-बारा मिनिटांवर पेस्ली नावाचं गाव आहे. आपण जिला कोयरी म्हणतो, आईच्या शालूच्या पदरावर आहे ती, तिला इंग्रजीत या गावाचंच नाव पडलंय. काश्मिरी शाली बघून इथल्या विणकरांनी तसल्याच विणायला घेतल्या. नक्षी काश्मीरची, नाव यांचं. मागच्या वर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी मी तिथं गेले होते, विणकरांची मिरवणूक असते. पुढं एक ढोल, मागं चार-दोन पथकं. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतल्या नंदीध्वजांपुढं अगदीच किरकोळ, पण त्यामागची गोष्ट अण्णांनी ऐकण्यासारखी आहे.

शालीत रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा असतो. तो जागेवर बसावा म्हणून मधूनमधून एक बारीक सुती धागा टाकावा लागे, त्याला ते 'स्मा शॉट' म्हणायचे. वरून तो दिसतच नाही. पण काढला तर रंगीत धागे सुटायला लागतात. मालकांचं म्हणणं, जे दिसत नाही त्याचे पैसे कसले? मजुरी नाहीच, वर तो धागासुद्धा विणकरानं स्वतःच्या खिशातून आणायचा. कितीतरी वर्षं हे भांडण चाललं आणि १८५६ साली मालक नमले. मिरवणुकीच्या शेवटी अजून त्या मालकाचा पुतळा जाळतात. (तुम्हीही मालकच, अण्णा, तेव्हा मी जरा मागंच उभी राहिले.)

मला त्या वेळी आपल्या शेडमधल्या, मागासाठी कांडीवर सूत भरणाऱ्या मावशी आठवल्या. टॉवेल बघून "वीण चांगलीय" म्हणणारे भेटतात, "कांडी चांगली भरलीय" म्हणणारा मी तरी अजून बघितला नाही. आणि दर दिवाळीला बोनसच्या वेळी तुमच्यात नि त्यांच्यात काय होतं, ते मी जिन्यात बसून लहानपणापासून ऐकलंय.

बीबीएत हा धागा आम्हाला कॉस्टिंगच्या पेपरात आला असता. सूत अमुक पैशाचं, वेळ अमुक मिनिटं, टाका नगावर. तीन मार्कांचं उदाहरण. तो खर्च कुणाच्या अंगावर पडायचा, हे मात्र कॉस्टिंगमध्ये नसतं. ते भांडून, संप करून, कायदा करून ठरतं. ओंकारला नेमकं तेच शिकायचंय, नि आपण त्याला म्हणतोय की ते चौकात मिळतं.

आता तुमचीच गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं जाहीर केलं की १ जानेवारीपासून कापडावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के होणार. तुम्ही दोन पाळ्या चालवल्या. व्यापाऱ्यांनी जुन्या दरात माल भरून ठेवला. मग ३१ डिसेंबरला दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि वाढ पुढं ढकलली. गुजरात, पश्चिम बंगाल, तमिळनाडू अशा राज्यांनी विरोध केला होता, आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत पाच राज्यांत निवडणुका होत्या. व्यापाऱ्यांकडं आधीच माल पडून, त्यामुळं जानेवारीत आपल्याला ऑर्डर नाही. फेब्रुवारीत दोन माग विकले. तेव्हा मी बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि आमच्या वर्गात या गोष्टीचा एक शब्द निघाला नाही. आम्ही तेव्हा कुठल्याशा अमेरिकन कॉफीवाल्याची केस स्टडी करत होतो.

गंमत म्हणजे तेव्हा सरकारचं दुखणं होतं ते मानवनिर्मित धाग्याचं. सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५, म्हणजे भरलेला कर अडकून बसायचा. ते नीट करायला आधी कापड वर न्यायला निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तेच दुखणं उलट बाजूनं काढलं, ते सूतच १२ वरून ५ वर आणलं. मग चार वर्षांपूर्वी हे का सुचलं नाही? कोण कुठल्या खोलीत बसून काय बोललं, कुणी कुणाला गप्प केलं? हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता. तो ओंकारनं विचारला, बुधवारी, गच्चीवरून.

इथल्या दुकानात गेले की टॉवेल उलटा करून लेबल बघायची मला सवयच लागलीय, दुकानातली मुलगी संशयानं बघते. पाकिस्तान, बांगलादेश, तुर्कस्तान. हात फिरवला की कळतं, आपला माल यापेक्षा कमी नाही. पण बांगलादेशाला इथं शुल्क शून्य, पाकिस्तानच्या टॉवेललाही सवलत, आणि आपल्या मालाला २०२५ मध्ये १२ टक्क्यांपर्यंत होतं. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन कराराची सही झाली, त्यात हे शुल्क काढायचं ठरलंय. सहीच्या आधी बोलणी जवळजवळ साडेतीन वर्षं चालली होती. मार्केटिंगचा कितीही भारी पेपर लिहून ते १२ टक्के हलले नसते.

माझंही तेच झालं. दोन वर्षांच्या व्हिसावर नोकरी धरली आणि मॅनेजमेंटची पदवी आहे म्हणून निवांत होते. जुलै २०२५ मध्ये इथल्या सरकारनं नोकरीच्या व्हिसासाठी लागणारा पगार ३८,७०० पौंडांवरून ४१,७०० वर नेला. माझा पगार तेवढा नाही. नव्यानं लागलेल्यांना थोडी सूट आहे, तिच्या आधारानं टिकून आहे. तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. आता काळजी करू नका, पण सांगून टाकलं.

बीबीएला नावं ठेवावीत असं मात्र नाही. ताळेबंद वाचता येतो, एक्सेल येतं, चार लोकांसमोर उभं राहून न अडखळता बोलता येतं. नोकरी त्यावरच लागली. ज्याला काय करायचं ते माहीत नाही, त्याला बीबीए चांगलं. अडचण अशी की ओंकारला माहीत आहे.

त्याची ती वही बघितलीत का कधी? कांडीच्या हिशेबाची जुनी वही आहे, मागच्या बाजूनं लिहिलेली. दहावीत असल्यापासून आपल्या गल्लीत पाणी कधी आलं, किती वाजता, किती वेळ, सगळं मांडलंय. चार दिवस, पाच दिवस, मधे एकदा आठ. शेजारच्या रकान्यात पेन्सिलीनं: "तक्रार कुणाकडं?" कारण मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक कुणीच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली तेव्हा त्याला मत नव्हतं, तरी उमेदवारांना पाण्याचं विचारत फिरला. आईला वाटलं पोरगं प्रचारात बिघडलं. बी.ए.ला याच गोष्टी आहेत: राज्यघटना, स्थानिक स्वराज्य, लोकप्रशासन, परराष्ट्र संबंध. कुणी न सांगता त्याचं पहिलं वर्ष करून झालंय म्हणायचं. (अभ्यासात आळशी आहे हे मान्य. वही लिहिताना आळस आला नाही, एवढंच म्हणते.)

अण्णा, "राजकारण हे रिकामटेकड्यांचं काम" असं तुम्ही म्हणता, आणि १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गाडी थांबवून चप्पल काढता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन ही चार नावं मला शाळेच्या आधी तुम्ही शिकवलीत. इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉची गोष्ट सांगताना पणजोबा मिलमधून घरी कसे आले, तेही तुम्हीच सांगायचात.

पोटाचं काय, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्यात मी ओंकारच्या बाजूनं खोटं बोलणार नाही. नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळणं अवघड. यूपीएससीला २०२४ साली जवळजवळ दहा लाख अर्ज आले, शेवटी १,००९ जण निवडले गेले. त्यात आपला असेल असं धरून घर चालत नाही. पण बी.ए. म्हणजे फक्त तीच एक परीक्षा, हे आपणच ठरवून टाकलंय. त्यावर तीन वर्षांचं वकिलीचं होतं. समाजविज्ञान शिकवणाऱ्या टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूरचं कॅम्पस घरापासून तासाभरावर आहे. आणि उद्या पस्तावला तर एमबीएला कुठलीही पदवी चालते.

इथं तर मुलांना एवढ्या लवकर धरतच नाहीत. माझ्या घरमालकिणीची नात ग्लासगोच्या विद्यापीठात आहे, चार वर्षांची पदवी. पहिल्या वर्षी तिनं राज्यशास्त्र, बिझनेस आणि स्पॅनिश असे तीन विषय घेतले, मुख्य काय ते दोन वर्षांनी ठरवणार. दोन्ही मिळूनही पदवी घेता येते. ज्या ॲडम स्मिथचं नाव तिथल्या बिझनेस स्कूलला आहे, तो स्वतः याच विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवायचा. आपल्याकडं फॉर्ममध्ये एकच चौकोन असतो, त्यामुळं घरात भांडण.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते. तुम्हाला बीबीए पाहिजे ते ओंकारसाठी नाही, शेडसाठी पाहिजे. एका पोरीला त्याचसाठी बीबीए केलंत, आणि तुमचं बीबीए इकडं येऊन बसलं. विमानतळावर तुम्ही "जा, शीक" एवढंच म्हणालात. शेडचं काय, हे तुम्ही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. ते माझ्याकडून राहिलेलं काम तुम्ही आता त्याच्या गळ्यात घालताय, असं मला वाटतं. चुकत असेन तर फोनवर रागवा, पण फोन आईकडं देऊ नका.

शेड चालवायची का, किती वर्षं चालवायची, हे आपण तिघं वेगळं बोलू. सहा मागांचा हिशेब मी इथून बघू शकते, दिवाणजींना म्हणावं महिन्याचे आकडे मला पाठवा. पेस्लीच्या एका गिरणीत आता फ्लॅट झालेत, बाहेरून अजून गिरणीसारखी दिसते. मला ते बघवलं नाही, पण तुमच्याशी बोलायला पाहिजे हे तिथंच ठरलं.

ओंकारला मी दोन अटी घातल्यात, त्यानं हो म्हटलंय. दर शनिवारी दिवाणजींशेजारी बसून पगारवाटप आणि जीएसटीचं रिटर्न शिकायचं. आणि बी.ए.ला दुसरा विषय अर्थशास्त्रच घ्यायचा, सोपा म्हणून भलता नाही. स्पर्धा परीक्षेचं बघू, पण द्यायची तर दोनदाच. पहिल्या वर्षाची फी मी पाठवते. यावर वाद नको, तुमचे माझ्या कर्जाचे हप्ते अजून फिटायचेत हे मला ठाऊक आहे.

फॉर्मची मुदत जवळ आलीय, तेवढं मनावर घ्या. कॉलेज दयानंद की संगमेश्वर ते त्याला ठरवू दे. सायकलनं जाणार म्हणतोय.

आज्जीला नमस्कार. तिच्या गुडघ्याला तेल कोण लावतं सध्या? आई, जूनमध्ये इकडं येणाऱ्यांबरोबर शेंगाचटणी पाठवशील तेव्हा डबा चिकटपट्टीनं नीट बंद कर. मागच्या वेळी सगळे कपडे लालभडक झाले होते, त्यातला पांढरा कुर्ता अजून तसाच आहे. आणि चार नंबरच्या मागाचा धोटा (शटल) खरंच बदलून घ्या. फोनवर नेहमी त्याचाच आवाज वेगळा येतो.

तुमची,
पल्लवी