तक्रार मागे घेणार नाही, बाबा

न्यूयॉर्क, जानेवारी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कशाला घरमालकाशी वाकडं घेतेस?" आणि मी विषय बदलला. घाईघाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून घर थंड राहतं याची तक्रार मी का केली, हे सविस्तर लिहिते. आई, तुझ्यासाठी आधीच सांगते: तब्येत उत्तम आहे.

आमच्या इमारतीत घरोघरी वेगळं हीटिंग नाही. तळघरात एकच बॉयलर आहे. त्याची वाफ पाइपांतून वर चढते आणि खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये येते. वाफ आली की पाइप असे ठणठण वाजतात की नवीन माणूस झोपेतून दचकून उठावा. माझ्या हातात फक्त रेडिएटरची चावी, चालू किंवा बंद. बॉयलर कधी लावायचा, किती वेळ ठेवायचा हे मालक ठरवतो आणि त्याचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. म्हणजे घर थंड राहिलं तरी हीटिंगचे पैसे माझ्याकडून जातच असतात. उपकार कुणी करत नाहीये.

नियमही मोघम नाही. शहराच्या कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेरचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर घरात किमान ६८ हवं, म्हणजे २० सेल्सिअस. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, घरात ६२ हवंच, साधारण १७ सेल्सिअस. गरम पाणी तर बारा महिने चोवीस तास. माझ्या खोलीत सकाळी सातला ५८ असायचं. अंगात स्वेटर, वर कोट, आणि टाइप करताना बोटं वळत नाहीत. सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, विचारलं की ठरलेलं उत्तर: "पार्ट मागवलाय." त्या बिचाऱ्याला तरी काय बोलणार? पार्टचे पैसे मालक सोडेल तेव्हा पार्ट येणार.

मग मी एक वही केली. तारीख, वेळ, घरातलं तापमान, बाहेरचं तापमान. बाबा, तुमच्या जमाखर्चाच्या वहीसारखेच रकाने आखलेत. मालकाच्या ऑफिसला ईमेल केला, फोनवरचं बोलणं लेखी राहत नाही म्हणून. तरी हालचाल दिसेना, तेव्हा ३११ ला फोन लावला. हा शहराचा तक्रारींचा नंबर. गृहनिर्माण खातं आधी मालकाच्या माणसाला कळवतं, मग भाडेकरूला फोन करून विचारतं, हीटिंग आलं का? नाही म्हटलं की इन्स्पेक्टर येतो. आमच्याकडे आला तो थर्मामीटर घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला, मग बाथरूमचा नळ सोडून पाणी मोजलं. मला फारसं बोलावंही लागलं नाही. हीटिंग नसणं हा 'सी' वर्गाचा भंग, म्हणजे तातडीचा धोका, अशी नोंद होते. मालकाने तरीही दुरुस्ती केली नाही तर खातं स्वतः करून घेऊन त्याचं बिल मालकावर लावू शकतं.

आई, "एक छोटा हीटर घेऊन टाक" हे तू दोनदा म्हणालीस. ९ जानेवारी २०२२ ला इथल्या ब्राँक्स भागात एका उंच इमारतीत आग लागली. एका घरातल्या इलेक्ट्रिक हीटरमुळे. दारं आपोआप बंद व्हायला हवी होती, ती झाली नाहीत आणि धूर जिन्यांतून वरपर्यंत पोचला. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं. तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण आमच्या इमारतीचं वायरिंगही जुनंच आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी तर उबेसाठी गॅसचा ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं ठेवून बसायच्या. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग. त्यांच्याजवळ बसून त्यांच्या नावानेही तक्रार नोंदवून दिली.

आता तुमची खरी भीती, बाबा: घर खाली करायला सांगितलं तर? इथे मालक म्हणेल ती पूर्व दिशा नाही. तक्रारीचा सूड म्हणून भाडेकरूला काढायला राज्याच्या कायद्याने बंदी आहे. तक्रारीनंतर वर्षभरात मालकाने तसा प्रयत्न केला, तर तो सूडच आहे असं कोर्ट धरून चालतं. तसं नाही हे मालकाने दाखवायचं. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती, २०१९ मध्ये वर्षाची केली. आणि व्हिसावर असलेल्यांनी गप्प बसावं, हे आपल्याच लोकांनी पसरवलेलं शहाणपण आहे. ३११ वर व्हिसाचं कुणी विचारत नाही.

भाडं मात्र मी थांबवलेलं नाही. थांबवता येतं; घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी कायद्यात १९७५ पासून आहे आणि करारात काहीही लिहून ती टाळता येत नाही. पण भाडं थकलं की मालक कोर्टात जातो, मग बचाव आपण करायचा आणि तोवर पैसे बाजूला जपून ठेवायचे. त्यापेक्षा पूर्ण भाडं भरून, थंडीत काढलेल्या दिवसांची सूट लेखी मागितली आहे, वहीची प्रत जोडून. परवापासून सकाळी ६६ पर्यंत येतंय. अजून दोन अंश बाकी आहेत. ते आले नाहीत तर आम्ही शेजारी मिळून हाउसिंग कोर्टात अर्ज करणार आहोत; कागद भरून तयार आहेत.

मालकाचं उत्तर आलं की कळवते. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
धाकटी