वाती वळता वळता

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आईची मुलाखत घेतलीस का, असे तू फोनवर दोनदा विचारलेस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, कारण पहिला प्रयत्न पुरता फसला होता. त्या दिवशी मी वहीत २२ प्रश्न लिहिले, तिला ओसरीवर खुर्चीत बसवले, मोबाइल समोर ठेवला आणि 'तुझे बालपण कसे गेले?' असे विचारले. जन्मदात्या आईला असे पुस्तकी कोणी विचारते का! तिने पदर सावरला, मोबाइलकडे एकदा पाहिले आणि तलाठ्यासमोर उत्तर द्यावे तसे 'चांगलं गेलं' एवढे बोलून ती गप्प झाली. बाकीच्या प्रश्नांचीही तीच गत झाली.

चार दिवसांपूर्वी मात्र त्रिपुरवातीच्या साडेसातशे वाती करायच्या म्हणून ती घरच्या कापसाचे बोचके सोडून बसली आणि मी सरकी काढून देण्यासाठी शेजारी बसलो. तिची बोटे तू पाहायला हवी होतीस. बोंडातली पाकळी चिमटीत धरून ती सरकी अशी अलगद बाजूला करते की रुईचा एक तंतूही तिला चिकटून राहत नाही. मग ती रुई पिंजून लांबवते, बोटांना चुलीतली राख लावते आणि तळहातावर एका फिरकीत वात वळून ताटात टाकते, तेही नजर दुसरीकडे असताना. हात असे कामाला लागले आणि ती आपणहून बोलू लागली. मोबाइल सुरू करू का, असे विचारल्यावर 'राहू दे बापा' म्हणाली आणि नंतर तिला त्याचा विसरही पडला.

सुरुवात तिच्या जन्मापासून झाली. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख १ जुलै १९६० आहे, जी गुरुजींनी अंदाजे टाकलेली आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यावर तिचे म्हणणे असे : 'जुलैत त निंदणाचे दिवस, जल्माले याले फुरसत कोनाले?' तिचा जन्म सीतादहीच्या दिवशीचा. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभात शिंपडण्यासाठी तिची आजी गडवा घेऊन निघाली होती, तिला अर्ध्या धुऱ्यावरून हाक मारून परत बोलावले आणि त्या वर्षीची सीतादही शेजारणीने उरकली. म्हणजे माझ्या आईचा वाढदिवस ऐन कार्तिकातला, आणि आम्ही मात्र मोबाइलवर आठवण लावून तो दरवर्षी पावसाळ्यात साजरा करत आलो.

सन तिला सांगता येत नाही; तिची कालगणना पिकांवर आणि माणसांच्या जाण्यायेण्यावर चालते. अपवाद एकच, तो म्हणजे १९७२. दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे होती, हे मी वाचले आहे. आईच्या बोलण्यात त्यांतली एकच पोरगी येते, जिच्या डोक्यावर मुरमाची पाटी आहे आणि जिला मुकादमाने वय विचारल्यावर तिच्या मायने दोन वर्षे वाढवून सांगितले आहे. कामावर खायला मिळणारी सुकडी तिला आवडत असे, हे तिने थोडे लाजत सांगितले. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीबद्दल मात्र ती आजही तोंड वाकडे करूनच बोलते.

आता जी गोष्ट तुला सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ती सांगतो. आईची शाळा चौथीनंतर सुटली, कारण पाचवीची शाळा पलीकडच्या गावी होती आणि वाटेत नाला होता, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगतही आलो. या वेळी त्या नाल्याचा विषय मीच काढला. ती म्हणाली, 'नाल्याले त पानी गुडघ्याइतकं.' धाकटा मामा तेव्हा रांगत होता, आजी वेचणीला जात असे आणि त्याला सांभाळणारे घरात दुसरे कोणी नव्हते. नाल्याचे कारण आजोबांनी गुरुजींना सांगितले होते आणि पुढे घरात तेच रुजले. मामाला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षे तिने ते तसेच राहू दिले. शाळा सुटल्यावर तिच्या दगडी पाटीचे पाण्याच्या मडक्यावर झाकण झाले. केवळ वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ती पाटी खाली उतरत असे, कारण वेचणाऱ्या बायांच्या कापसाचे वजन मांडणारी घरात तीच एक होती. हिशेब चुकता झाला की पाटी पुसून पुन्हा मडक्यावर. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, आपल्या मांडलेल्या वजनात कधी चूक निघाली नाही, हे तिने मला दोनदा ऐकवले. माझ्या बावीस प्रश्नांत यातला एकही नव्हता, याची मला खरोखर लाज वाटली.

लग्नानंतर 'शकुंतला' या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेतून मुर्तिजापूरपर्यंत केलेल्या पहिल्या प्रवासाचेही तिने सांगितले, पण त्यातले तिला इंजिनाच्या धुराने काळे झालेले नवे लुगडेच आठवते.

मग ती भुलाबाईची गाणी गुणगुणू लागली. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर फिरून गायलेली आणि खिरापत ओळखता ओळखता भांडणांवर आलेली ती गाणी तिला अजून येतात. एका गाण्याच्या चौथ्या कडव्यावर मात्र ती अडली. दोन वाती हातातच राहिल्या. मग म्हणाली, 'त्याच्या आईले इचार, तिले येत असन.' काकूंचे माहेर तिच्या माहेरापासून कोसभरावर, त्यामुळे गाणी एकच असणार असा तिचा होरा आहे.

तेव्हा हे काम तुझ्यावर. पुण्यात कापसाचे बोचके कुठून मिळणार, म्हणून काकूंसमोर मेथीची जुडी निवडायला ठेव, तूही दोन काड्या निवड, वही मात्र काढू नकोस. सोबत आईच्या आवाजातली तीन कडवी पाठवत आहे, ती त्यांना ऐकव आणि चौथे त्यांच्याच आवाजात पाठव. आईने काल त्याबद्दल दोनदा विचारले आहे.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बालमित्र