जिथे मरायला बंदी होती

महोदय,

फाशांचे खेळ मुलांना बिघडवतात, अशा आशयाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. माझा नातू आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी माझ्या माजघरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. यात प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, मिळून कथा रचायची आणि अवघड प्रसंगी काय घडतं ते फासे टाकून ठरवायचं. हा खेळ 1974 पासूनचा आहे, कालचं खूळ नव्हे. (पोह्यांचा खर्च वाढलाय, तेवढी तक्रार मान्य.)

मध्यंतरी नातू म्हणाला, “आजी, कथेसाठी एक पवित्र बेट हवंय.” जन्मभर इतिहास शिकवलेली मी, मी त्याला ग्रीसमधलं डेलॉस दिलं. हे ग्रीकांच्या अपोलो देवाचं जन्मस्थान. इ.स.पू. 426च्या हिवाळ्यात अथेन्सवाल्यांनी तिथल्या साऱ्या कबरी उकरून काढल्या आणि फर्मान काढलं, की यापुढे बेटावर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारे, सगळ्यांना शेजारच्या ऱ्हेनिया बेटावर न्यायचं.

झालं! पोरांचा योद्धा जखमी झाला आणि दोन तास तलवार बाजूलाच राहिली. होडी कोण वल्हवणार, वारा कुठला, वाटेतच गेला तर पाप कुणाला? एकजण तर उखडलाच, “बाळंतिणीला भर वादळात नेणारा हा कसला देव?” वर्गात इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

चारच वर्षांनी अथेन्सने तिथल्या जिवंत रहिवाशांनाही हुसकावून लावलं. ते मी अजून सांगितलेलं नाही. या शनिवारी सांगणार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली